पडद्यामागची वायर



संगणकाच्या पडद्याकडे आपण सारे समोरून पाहतो. त्यावर अक्षरे उमटतात, चित्रे हालतात, मुलांचे निकाल दिसतात, सात-बाराचे उतारे निघतात. या पडद्याला आपण सर्रास मॉनिटर म्हणतो. त्याच्या मागच्या बाजूस खालच्या अंगाला एक लहानशी खोलगट खाच असते, तीत तीन चपट्या पिना उभ्या असतात आणि त्या पिनांवर एक जाड काळी वायर येऊन बसते. ती वायर वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताने काढता-घालता यावी, की कारखान्यातच ती कायमची जोडून दिलेली असावी, एवढाच आज आपल्या विचाराचा विषय आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. एक वायर ती काय आणि तिच्यावर एवढा ऊहापोह तो कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु वस्तू वापरणाऱ्याचा त्या वस्तूवर कितपत अधिकार असावा, हा मोठा प्रश्न या लहानशा वायरीत गुंतलेला आहे. आणि वीज ही मुलांच्या हाताशी खेळणारी गोष्ट असल्यामुळे त्यात जिवाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. म्हणून तो नीट उलगडून पाहणे योग्य ठरेल.

प्रथम वायर बिघडते कशी, ते पाहू. मॉनिटरच्या आत हलणारा असा भाग जवळजवळ नसतोच. तो एकदा टेबलावर ठेवला की वर्षानुवर्षे जागचा हालत नाही. वायरीचे तसे नाही. ती टेबलाच्या कडेवरून खाली उतरते, बाकाच्या पायाखाली सापडते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत अडकते. झाडणारी बाई तिला बाजूला सारते, मुले खुर्ची ओढताना तिच्यावरून खुर्ची नेतात, आणि सुट्टीत वर्ग बंद असताना उंदीर तिच्यावर दात घासतात. वायरीच्या आत तांब्याच्या बारीक तारांचा पीळ असतो. एकाच जागी वाकून वाकून त्यांतील एकेक तार तुटत जाते. वायर बहुधा मध्ये तुटत नाही. प्लगाच्या मुळाशी किंवा यंत्राच्या मुळाशी तुटते, कारण वाकण्याचा सारा ताण तेथेच येतो. तात्पर्य, मॉनिटरच्या साऱ्या भागांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी झिजणारा भाग जर कोणता असेल, तर तो ही वायर होय.

झिजणारा भाग वेगळा करता यावा, ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. शेतकऱ्याचा लाकडी नांगर घ्या. नांगर जुनाच राहतो. त्याचा लोखंडी फाळ तेवढा काढून लोहाराकडे नेतात, त्याला धार लावून आणतात आणि पुन्हा बसवतात. फाळ बोथट झाला म्हणून कोणी नांगर चुलीत घालीत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपल्या बेळगावात सायकलींच्या दुकानापासून उद्योगाला आरंभ केला, आणि १९१० मध्ये त्यांचा कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस, जाण्यापूर्वीच लोखंडी नांगर याच शहरात तयार होऊ लागला होता. लोखंडी नांगर आला तरी व्यवस्था तीच राहिली. फाळ झिजला की बोल्ट सैल करावेत, जुना फाळ काढावा, नवा बसवावा. हे काम शेतकरी बांधावर बसून करू शकतो. जे झिजते ते धन्याच्या हाताला येईल असे ठेवावे, हा त्यातील शहाणपणा आहे.

आता हा शहाणपणा मॉनिटरला लावून पाहा. निपाणीसारख्या गावातील एखाद्या शाळेत दहा-बारा संगणक आहेत असे समजू. त्यांपैकी एका मॉनिटरची वायर मुळाशी तुटली. वायर सुटी असेल तर शिक्षक शेजारच्या बंद पडलेल्या संगणकाची वायर काढतो, तिला जोडतो आणि तासाची घंटा होण्यापूर्वी काम सुरू होते. पुढे बाजारातून शे-दोनशे रुपयांची नवी वायर आणली की झाले. तीच वायर कायमची जोडलेली असेल तर मॉनिटर उचलून अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावा लागतो. असे केंद्र गावात बहुधा नसते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. जाण्या-येण्याचे भाडे, एका माणसाचा दिवस, तपासणीचे शुल्क, पुन्हा आणण्यासाठी दुसरी खेप. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी ही गोष्ट होते. आणि ज्या शाळेत या खेपा करण्यास माणूस नाही, तेथे तो मॉनिटर कपाटावर जाऊन बसतो व दोन वर्षांनी भंगारात निघतो. पडदा शाबूत, आतील सारे शाबूत. केवळ एक वायर तुटली म्हणून!

हे केवळ कल्पनेतील उदाहरण आहे असे नाही. अमेरिकेतील अॅपल कंपनीने मार्च २०२२ मध्ये ‘स्टुडिओ डिस्प्ले’ नावाचा मॉनिटर बाजारात आणला. भारतातील त्याची प्रारंभीची किंमत १,५९,९०० रुपये होती. या महागड्या मॉनिटरची वायर वापरणाऱ्याने काढण्यासाठी नाही, अशी त्याची रचना आहे. गंमत अशी की ती वायर आतून सोल्डरने चिकटवलेली नाही. बराच जोर लावला असता ती निघते, आणि तंत्रज्ञांसाठी ती काढण्याचे खास हत्यारही आहे. मात्र ग्राहकाने तसे करू नये, असेच कंपनीचे सांगणे. याच कंपनीने २०१९ मध्ये काढलेल्या ‘प्रो डिस्प्ले एक्सडीआर’ या आणखी महाग मॉनिटरला मात्र सहज काढता येणारी वायर आहे. म्हणजे सुटी वायर देणे तंत्रदृष्ट्या अवघड होते, असे म्हणता येत नाही. जगभर या विषयावर चर्चा झाली ती यामुळेच. लोकांचा रोख केवळ वायरीवर नव्हता. जी गोष्ट निघू शकते, ती आमच्या हातांनी का निघू नये, असे ते विचारीत होते.

या खाचेची घडण कशी आहे, हेही समजून घेण्यासारखे आहे. मॉनिटरच्या मागची ही खाच आणि तीत बसणारे वायरीचे टोक यांचा आकार कोणा एका कंपनीचा नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी ही संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली. विजेच्या उपकरणांची मापे व नियम ती ठरवते. १९७० मध्ये तिने उपकरणांच्या जोडण्यांचे मानक प्रथम प्रसिद्ध केले. आज ते आयईसी ६०३२० या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात वायरीच्या टोकाला सी-१३ आणि यंत्रातील खाचेला सी-१४ अशी नावे आहेत. संगणकाची पेटी, मॉनिटर, प्रिंटर अशा अनेक यंत्रांना हीच जोडी असते, म्हणून एकाची वायर दुसऱ्याला चालते. मोबाइल फोनच्या चार्जरचा गोंधळ आठवा. प्रत्येक कंपनीची पिन निराळी. घरातील एक खण जुन्या चार्जरांनी भरलेला. युरोपीय संघाला फोनसाठी एकच आकार सक्तीचा करण्यास २०२४ साल उजाडावे लागले. संगणकाच्या वायरीने मात्र हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता.

या जोडीच्या रचनेत एक साधा नियम आहे, तो शाळेतील मुलांनाही पाठ असावा: जिकडे वीज, तिकडे भोके, जिकडे वीज नाही, तिकडे पिना. भिंतीवरील बोर्डात वीज आहे, म्हणून तेथे भोके. प्लग काढला की त्यात वीज नाही, म्हणून तेथे पिना. तोच प्लग बोर्डात घातला की वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत वीज येते, म्हणून त्या टोकाला पुन्हा भोके. आणि मॉनिटर स्वतः वीज घेणारा, म्हणून त्याच्या खाचेत पिना. उघड्या धातूला वीज कोठेही चिकटून राहू नये, ही यातील योजना. शिवाय सी-१३ चे दोन कोपरे छाटलेले असतात, त्यामुळे ते उलटे बसतच नाही. आणि मधली अर्थिंगची पिन इतर दोहोंपेक्षा थोडी लांब असते. म्हणून वायर घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. आपल्या भिंतीवरील प्लगाची वरची पिन जाड व लांब असते, तिचेही प्रयोजन हेच.

या वायरीची दोन टोके म्हणजे जणू दोन स्वभाव आहेत. भिंतीकडचे टोक देशोदेशी वेगळे. आपल्याकडील तीन गोल पिनांचा प्लग हा ब्रिटिशांच्या १९३४ च्या जुन्या मानकावरून आलेला आहे. स्वतः ब्रिटनने नंतर तो सोडून फ्यूज असलेला चपट्या पिनांचा प्लग स्वीकारला. दुबईत हाच चपटा प्लग चालतो. अमेरिकेत दोन पातळ पात्यांचा. मात्र यंत्राकडचे टोक साऱ्या जगात एकच! आपण सीमाभागातील माणसे घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी. पण माणूस तोच असतो. ही वायरही तशीच. भिंतीशी ती त्या त्या देशाच्या भाषेत बोलते आणि यंत्राशी सर्वांच्या भाषेत.

याचा व्यवहारातील लाभ मोठा आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीस असतात. परत येताना कोणी मॉनिटर आणला तर त्याच्या मागच्या पट्टीवर काय छापले आहे ते पाहावे. तेथे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे असेल, तर तो मॉनिटर आपल्या २३० व्होल्टवर बिनदिक्कत चालतो. फक्त वायर येथील घ्यावी लागते. वायर कायमची जोडलेली असती तर तिचा प्लग कापून दुसरा बसवणे किंवा बेभरवशाचा अॅडॉप्टर मध्ये घालणे, हेच दोन मार्ग उरले असते. एक सावधगिरी मात्र हवी. अमेरिकेतून आलेल्या वायरीवर बहुधा १२५ व्होल्ट असे छापलेले असते. मॉनिटर २४० व्होल्टचा असला तरी ती वायर नव्हे. तिला आपल्या बोर्डात अॅडॉप्टर लावून वापरू नये.

येथपर्यंत एक बाजू झाली. न्यायाने वागायचे तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाही.

वायर कायमची असावी असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा की, सुटी वायर सैल बसते. अर्धवट बसलेल्या पिनेला धातूचा स्पर्श थोड्याच जागी होतो, तेथे उष्णता वाढते, ठिणग्या पडतात, कधी प्लास्टिक तपकिरी होऊन वितळते. हे खरे आहे. दुसरा मुद्दा असा की, सुटी वायर भलत्याच यंत्राला लावली जाते. हेही खरे, आणि याचे गणित मुलांनी करून पाहावे असे आहे. साधारण ४६ वॅटचा मॉनिटर २३० व्होल्टवर केवळ ०.२ अँपिअर प्रवाह घेतो. पाणी उकळणारी सुमारे १,८४० वॅटची किटली ८ अँपिअर घेते. प्रवाह चाळीसपट झाला. परंतु वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच वायरीत ती सोळाशेपट होते! जी वायर मॉनिटरपाशी थंडगार पडून असते, तीच किटलीपाशी भाजण्याइतकी तापू शकते, आणि तिचा ६ अँपिअरचा प्लग तर या ओझ्यासाठी केलेलाच नसतो. तिसरा मुद्दा, बाजारात हलक्या वायरी मिळतात. बाहेरून तीन पिना, आणि आत दोनच तारा. अर्थिंगची तार मुळात घातलेलीच नाही. चौथा मुद्दा साधा आहे: सुटी वस्तू हरवते, कोणी उचलून नेते.

हे आक्षेप विचारात घेऊनच मानककारांनी उत्तरे शोधली आहेत. तापणाऱ्या यंत्रांसाठी त्याच घराण्यातील सी-१५ आणि सी-१६ ही निराळी जोडी आहे. सी-१३ च्या जोडीतील पिना ७० अंश सेल्सिअसपर्यंत, तर या जोडीतील पिना १२० अंशांपर्यंत तापलेल्या चालतात. तापणाऱ्या यंत्राच्या खाचेत एक उंचवटा असतो आणि त्याच्या वायरीला तशीच खाच. त्यामुळे त्या यंत्राची वायर मॉनिटरला चालते. पण मॉनिटरची वायर त्या यंत्रात शिरतच नाही. कोणी अनवधानाने घालू पाहील तर यंत्रच नाही म्हणते. अडचण येते ती भात शिजवण्याच्या भांड्यासारखे एखादे उपकरण हा नियम न पाळता बनवलेले असते तेव्हा. तो दोष सुट्या वायरीचा नाही, नियम मोडणाऱ्याचा आहे.

सर्वच उपकरणांच्या वायरी सुट्या असाव्यात असेही म्हणता येणार नाही. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेच्या मानकात कायमच्या वायरींचे तीन प्रकार केलेले आहेत. एक्स प्रकारची वायर सहज बदलता येते. वाय प्रकारची वायर निर्मात्याने, त्याच्या प्रतिनिधीने अथवा तशाच जाणकाराने बदलावी. झेड प्रकारची वायर उपकरण मोडल्याखेरीज बदलताच येत नाही. मिक्सर अथवा इस्त्रीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत वायर खराब झाल्यास ती निर्मात्याकडून वा त्याच्या केंद्राकडून बदलून घ्यावी अशी सूचना असते. तो हा वाय प्रकार होय. इस्त्री सतत हालते व तापते. पाणी तापवण्याचा रॉड पाण्यात बुडतो. मिक्सर ओल्या हातांनी हाताळला जातो. अशा ठिकाणी वायर घट्ट जोडलेली असणेच हिताचे, कारण ओल्या ओट्यावर सुटी पडलेली जिवंत वायर म्हणजे घरात फिरणारा साप. मॉनिटर मात्र हालत नाही, फारसा तापत नाही, पाण्यात बुडत नाही. त्याला इस्त्रीचा नियम लावण्याचे कारण दिसत नाही. आणि झेड प्रकार तर, माझ्या मते, कोणत्याही महागड्या वस्तूला शोभत नाही.

येथे आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. अलीकडच्या कित्येक सडपातळ मॉनिटरांना बाहेर एक काळा डबा, म्हणजे अॅडॉप्टर असतो. त्याची बारीक गोल पिन मॉनिटरमध्ये जाते. ही पिनही सुटी आहे. पण एका कंपनीचा अॅडॉप्टर १२ व्होल्टचा, तर दुसरीचा १९ व्होल्टचा. पिन आत शिरली तरी मॉनिटर जळू शकतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वायर निघते एवढ्याने भागत नाही. तिच्या जागी येणारी दुसरी वायर निश्चित मापाची व सर्वत्र मिळणारी असली पाहिजे. सुटेपणाला सर्वमान्य मापाची जोड मिळाली, तरच तो वापरणाऱ्याच्या उपयोगी पडतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, अर्थिंगचा. संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावला असता कधी कधी मुंग्या आल्यासारखे वाटते. आतील वीजपुरवठ्याच्या भागात विजेचा खरखराट थोपवण्यासाठी बसवलेले लहान कपॅसिटर अत्यल्प प्रवाह पेटीकडे सोडत असतात, आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर तो हाताला जाणवतो. एवढ्या प्रवाहाने सहसा इजा होत नाही; पण त्या मुंग्या म्हणजे निरोप आहे की वाट तुटली आहे. उद्या आतील फेजची तार सुटून पेटीला टेकली, तर अर्थिंग असलेल्या ठिकाणी मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज उडेल अथवा बटण पडेल. अर्थिंग नसलेल्या ठिकाणी पेटीच जिवंत होईल, आणि तिला प्रथम हात लागेल तो कदाचित एखाद्या विद्यार्थ्याचा. शाळेच्या आवारात मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा असतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तो आपले काम नीट करीत नाही. त्यात पाणी घालावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत शाळा बंद असते आणि त्या खड्ड्याची कोणाला आठवण राहत नाही. जूनमध्ये शाळा उघडताना फळे रंगवतात, मैदान साफ करतात. त्याच वेळी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

आणि येथेच सुट्या वायरीचा, सहसा कोणी न सांगितलेला, एक गुण समोर येतो. सुटी वायर तपासता येते. दोन्ही टोके मोकळी करून ती टेबलावर ठेवावी. बोर्डाशी वा यंत्राशी तिचा काहीही संबंध राहू नये. मग दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा एक लहान दिवा आणि तारेचे दोन तुकडे घ्यावेत. प्लगाच्या जाड पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या मधल्या भोकापर्यंत जोडणी करून पाहावी. दिवा लागला तर अर्थिंगची तार आहे. न लागला तर ती वायर कितीही नवी असली तरी टाकून द्यावी. अशाच रीतीने उरलेल्या दोन तारा पाहाव्यात, आणि एका तारेचा दुसरीशी कोठे स्पर्श होत नाही ना, तेही पाहावे. वायर वाकवून धरली असता दिवा लुकलुकला, तर आतला पीळ तुटत आला आहे असे समजावे. हा प्रयोग सातवीचा मुलगा गुरुजींच्या देखरेखीखाली निर्धोकपणे करू शकतो. विद्युत्मंडल म्हणजे काय, हे फळ्यावर तीन तास शिकवून जे उमगत नाही, ते या दहा मिनिटांत उमगते. यंत्राला कायमची जोडलेली वायर अशी टेबलावर घेता येत नाही. तिच्या आत काय आहे ते कंपनीला ठाऊक आणि परमेश्वराला ठाऊक.

शासनानेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ या राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतलेली आहेत. नांगराचा फाळ आणि मॉनिटरची वायर एकाच यादीत यावीत, हे मला अर्थपूर्ण वाटते. तसेच ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून टाकाऊ यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर घालण्यात आली आहे. परंतु कचऱ्याची उत्तम व्यवस्था कोणती, तर तो होऊच न देणे. वायर बदलून जो मॉनिटर आणखी पाच वर्षे चालेल, तो कचरा नव्हेच.

मग निर्णय काय? माझे उत्तर असे की, मॉनिटरची वायर वापरणाऱ्याला हाताने काढता आली पाहिजे, आणि ती सर्वमान्य मापाचीच असली पाहिजे. हालणाऱ्या, तापणाऱ्या व ओल्या उपकरणांची वायर घट्ट असावी. पण गावातील जाणत्या वायरमनला ती उपकरण न मोडता बदलता यावी. आणि जेथे वायर सुटी दिली, तेथे तिचे ज्ञानही दिले पाहिजे. फाळ काढण्याची मुभा शेतकऱ्याला शोभते, कारण तो कसा बसवावा हे त्याला ठाऊक असते. अज्ञानी हातातील सुटेपणा धोक्याचा असतो, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दा मी मान्य करतो. मात्र त्यावरचा उपाय म्हणून हात बांधण्यापेक्षा अज्ञान घालवावे, असे मला वाटते. शाळा त्यासाठीच असतात.

म्हणून जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. शाळेसाठी वा घरासाठी मॉनिटर घेताना दुकानदाराला तो फिरवून दाखवण्यास सांगा आणि मागची खाच पाहा. नवी वायर घेताना वायरीवर व प्लगावर आयएसआयची खूण व अँपिअरचा आकडा छापलेला आहे का, ते वाचा. अगदीच हलकी व बारीक वायर घेऊ नका. वायर लावताना प्रथम यंत्राकडचे टोक शेवटपर्यंत घट्ट बसवा, मग प्लग बोर्डात घाला आणि सर्वांत शेवटी बटण सुरू करा. काढताना याच्या नेमके उलट: आधी बटण बंद, मग बोर्डातला प्लग, मग यंत्राकडचे टोक. आणि ओढायचे ते प्लग धरून, वायर धरून नव्हे. वळिवाचे ढग जमू लागले की प्लग बोर्डातून काढून ठेवा. केवळ मॉनिटरकडचे टोक काढून जिवंत वायर जमिनीवर लोळत ठेवू नका.

एवढे ज्या घरातील मुलाला ठाऊक आहे, त्या घरातील वायर सुटी असली तरी चिंता नाही.